ग्रानादा ते कोर्दोबा सायकलवर: मार्गदर्शकासोबतच्या सहलीची तयारी कोणत्या क्रमाने करायची

स्पेनच्या आंदालुसिया प्रदेशातल्या सायकल सहलीबद्दल मला येणारे बहुतेक प्रश्न उशिरा आलेले असतात. विमानाचं तिकीट काढून झालेलं असतं, सहलीचे पैसे भरलेले असतात, आणि मग विचारणा होते, ‘अलहंब्राचं (ग्रानादातल्या जुन्या किल्ला-राजवाड्याचं) तिकीट कुठे मिळेल?’ तोवर त्या तारखेची तिकिटं संपलेली असतात. पायांत दम नाही म्हणून सहल फसलेली मी क्वचितच पाहिली आहे. कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे फसलेल्या सहली मात्र बऱ्याच पाहिल्या आहेत. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

उदाहरणासाठी एकच वाट घेतो. ग्रानादाहून निघायचं, अल्काला ला रेआल आणि अल्काउदेते या किल्ल्यांच्या गावांवरून जुन्या रेल्वेमार्गावर यायचं, लुके, सुएरोस, दोन्या मेन्सिया, काब्रा अशी गावं घ्यायची आणि कोर्दोबाला पोचायचं. मधला टप्पा ‘विया वेर्दे देल आसेइते’चा. विया वेर्दे म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी केलेला रस्ता, आणि आसेइते म्हणजे ऑलिव्हचं तेल. जाएन ते पुएन्ते हेनिल असा हा मार्ग सुमारे १२८ किलोमीटरचा आहे. मार्गदर्शकासोबतच्या सहली त्यातला मधला भाग घेतात आणि उरलेलं अंतर साध्या रस्त्याने किंवा गाडीने कापतात.

टप्पा १: महिना आणि दिशा ठरवा

एप्रिल ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. याबाहेर जाऊ नका. कोर्दोबात जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि ऑलिव्हच्या बागांमधून जाणाऱ्या वाटेवर सावली जवळजवळ नसते. ‘आम्ही विदर्भातले, ऊन आम्हाला नवीन नाही’ असं म्हणणारे भेटतात. पण विदर्भातला माणूस मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता सायकलवर डोंगर चढत नसतो.

तीन गोष्टी मात्र कॅलेंडरवर पाहा.

ईस्टरच्या आधीचा आठवडा, म्हणजे ‘सेमाना सान्ता’. आपल्या सणांसारखाच हा चंद्रावर ठरतो, त्यामुळे तारीख दरवर्षी बदलते. संध्याकाळी मिरवणुकांसाठी रस्ते बंद होतात आणि खोल्या महागतात. मिरवणुका पाहण्यासारख्या असतात, पण सायकल सहलीसोबत त्या जमत नाहीत.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोर्दोबात अंगणांचा उत्सव असतो. फुलांनी भरलेली घरांची अंगणं लोकांसाठी उघडतात. अवश्य पाहा, पण खोल्या फार आधी ठरवाव्या लागतात.

तिसरी गोष्ट परागकणांची. मे महिन्यात ऑलिव्ह फुलतो. जाएन आणि कोर्दोबाच्या बाजूला मैलोन् मैल ऑलिव्हच असल्यामुळे हवेतले परागकण खूप वाढतात. दमा किंवा शिंकांचा त्रास असेल तर शरद ऋतूच निवडा. हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या गटातल्या एका बाईंनी मे महिन्यात दोन दिवस सायकलऐवजी मागच्या गाडीत बसून काढले.

दिशेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ग्रानादाहून कोर्दोबाकडे. ग्रानादा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, कोर्दोबा १००-१२० मीटरवर. चढ दोन्ही बाजूंनी लागतात, अल्काला ला रेआल तर ९०० मीटरच्या वर आहे, पण एकूण हिशेब तुमच्या बाजूने राहतो. तोटा एवढाच की अलहंब्रा सहलीच्या सुरुवातीला येतं. विमान चुकलं तर तिकीटही जातं. त्यावर उपाय म्हणजे पोचल्यानंतरचा एक पूर्ण दिवस मोकळा सोडायचा आणि अलहंब्रा त्याच्या पुढच्या दिवशी ठेवायचं.

टप्पा २: सहल निवडताना किलोमीटर नको, चढ विचारा

‘रोज ४५ किलोमीटर, सोपी ते मध्यम’ या वाक्याला काही अर्थ नाही. रेल्वेमार्गावरचे ४५ किलोमीटर एक सकाळ घेतात, कारण आगगाडीला फार चढ झेपत नाही आणि रस्ता त्याच हिशेबाने बांधलेला असतो. ग्रानादा ते अल्काला ला रेआल हे साधारण तेवढंच अंतर तुमचा पूर्ण दिवस खाईल.

पैसे भरण्याआधी आयोजकाला हे लेखी विचारा:

– प्रत्येक दिवसाचा एकूण चढ किती मीटर?
– रस्ता डांबरी किती, खडी-मातीचा किती? सायकल कोणत्या प्रकारची आणि टायर किती रुंद?
– मदतीची गाडी कुठे कुठे भेटणार?
– मार्गदर्शक एक की दोन? गटाच्या शेवटी कोण असणार?
– अलहंब्राच्या तिकिटात नास्रिद राजवाडे (आतले मुख्य राजवाडे) धरले आहेत का, आणि तिकीट माझ्या नावाने कधी काढणार?
– एकट्या प्रवाशाला खोलीचे जादा पैसे किती?

तिसऱ्या प्रश्नावर लोक फसतात. ‘सोबत गाडी आहे’ याचा अर्थ ती तुमच्या मागे चालते असा होत नाही. विया वेर्देवर मोटारींना मनाई आहे. गाडी जुन्या स्टेशनांपाशी किंवा रस्ता ओलांडायच्या जागी भेटते. मधल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये तुमच्याजवळ असेल तेवढंच तुमचं.

विजेवर चालणाऱ्या सायकलीचा संकोच करू नका. युरोपातल्या नियमाप्रमाणे मोटर २५ किलोमीटर वेगापर्यंतच मदत करते आणि पायडल मारावंच लागतं. जोडीतला एक सराईत आणि एक नवखा असेल तर नवख्याला हीच सायकल द्या, दोघांची सहल वाचते. मात्र ती तिथेच भाड्याने घ्या, कारण एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही.

टप्पा ३: पासपोर्ट, अलहंब्रा, व्हिसा, याच क्रमाने

*पासपोर्ट.* शेंगेन व्हिसासाठी (स्पेनसह बहुतेक युरोपीय देशांचा एकत्र व्हिसा) पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा आणि त्यात २ कोरी पानं हवीत. यातलं काही बसत नसेल तर नूतनीकरण सगळ्यात आधी करा. नव्या पासपोर्टाचा नंबर नवा असतो, आणि अलहंब्राचं तिकीट नावाने आणि कागदपत्राच्या नंबराने निघतं. आयोजकाला जुना नंबर देऊन नंतर पासपोर्ट बदलणारे दर हंगामात निघतात.

नावाचाही घोळ होतो. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, आणि सहलीच्या अर्जात लोक घरी हाक मारतात ते नाव लिहितात. पासपोर्टच्या पानावर जसं छापलं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिहा.

*अलहंब्रा.* नास्रिद राजवाड्यांत जायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली तर राजवाडे चुकले, बाकीचा परिसर पाहता येतो. वसंतात आणि शरदात तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. सहल ठरली की आयोजकाला नावं त्याच आठवड्यात द्या. सहलीत तिकीट धरलेलं नसेल तर अलहंब्राच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः काढा, आणि ‘नास्रिद राजवाडे’ हे शब्द तिकिटावर आहेत याची खात्री करा. फक्त बागा आणि हेनेरालिफेचं (शेजारच्या उन्हाळी राजवाड्याचं) तिकीट वेगळं असतं, ते स्वस्त दिसतं म्हणून घेतलं जातं.

*व्हिसा.* अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५. खरी अडचण भेटीची वेळ मिळण्याची. आपल्याकडे शाळांच्या सुट्ट्यांच्या आधी सगळेच अर्ज करतात, त्यामुळे एप्रिल-मेची सहल असेल तर डिसेंबर-जानेवारीतच हालचाल करा. आयोजकाकडून तुमचं नाव, तारखा आणि रोजच्या मुक्कामाचा पत्ता असलेलं पत्र मागून घ्या. ‘आंदालुसिया, ८ दिवस’ एवढंच लिहिलेली पावती पुरत नाही, कारण तुम्ही रोज हॉटेल बदलणार आहात आणि प्रत्येक रात्रीचा हिशेब द्यावा लागतो.

विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा हवा. व्हिसासाठी एवढं पुरतं, तुमच्यासाठी नाही. पॉलिसीत सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का ते वाचा. काही पॉलिसी ‘साहसी खेळ’ म्हणून ती वगळतात. भाड्याच्या सायकलचं नुकसान सहसा वेगळं असतं, ते आयोजकाला विचारा.

तपासणी: इथवर आल्यावर पासपोर्ट, अलहंब्राचं तिकीट, व्हिसाचा अर्ज आणि विमा असे चारही कागद टेबलावर ठेवा. नाव, नंबर आणि तारखा चारही ठिकाणी एकसारख्या हव्यात.

टप्पा ४: तीन महिन्यांचा सराव

सपाट रस्त्यावर रविवारी ६० किलोमीटर मारले की तयारी झाली, हा गैरसमज आहे. सहलीत सलग चार-पाच दिवस खोगिरावर बसायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या अंगाने पुन्हा बसता येतं का, हीच परीक्षा. म्हणून शनिवार-रविवार सलग चालवा. शनिवारी लांब, रविवारी चढ.

चढासाठी आपल्याकडे काही कमी नाही. पुण्यात बोपदेव, कात्रजचा जुना घाट आणि तयारी झाल्यावर सिंहगड. ठाण्याला येऊर. साताऱ्याला यवतेश्वर. कोल्हापूरकरांना पन्हाळा आहेच. मीटरवर वेग पाहू नका. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तेवढाच जोर लावा.

उतरणंही शिका. नवखे लोक चढाला घाबरतात आणि पडतात उतारावर. वळणाच्या आधी ब्रेक लावायचा, वळणात नाही. नजर चाकाजवळ नको, वळण संपतं तिथे हवी. खडीवर पुढचा ब्रेक हलकाच.

आणि एकदा तरी अर्धा दिवस कच्च्या रस्त्यावर घालवा. विया वेर्देचा काही भाग घट्ट मातीचा आहे, पावसानंतर तो चिकट होतो.

टप्पा ५: सामान

थोडक्यात सांगतो. स्वतःचं हेल्मेट न्या. पॅड असलेल्या तीन चड्ड्या न्या, आणि त्यांच्या आत दुसरी अंतर्वस्त्रं घालायची नाहीत. हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही, आणि मग शिवणी घासून दुसऱ्याच दिवशी कातडी सोलवटते. घासणं टाळायचं मलम, पूर्ण बोटांचे हातमोजे, पातळ पावसाळी जाकीट, पुढचा आणि मागचा दिवा. बसकण ठरलेली असेल तर स्वतःचं खोगीरही न्या.

घराच्या सायकलवर पायडलच्या मधल्या आसापासून खोगिराच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा आणि आयोजकाला आधी कळवा. पहिल्या दिवसाचा अर्धा तास आणि शेवटच्या दिवसाचे गुडघे वाचतात.

खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मीठ-साखरेची पाकिटं चालतात. पेढे, बर्फी किंवा दुधाचं काहीही नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुग्धपदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे.

टप्पा ६: सायकल ताब्यात घेताना, आधी ब्रेक

सगळ्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद हा.

स्पेनमध्ये सायकलचा डावा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि उजवा मागच्या चाकाचा असतो. आपल्याकडे नेमकं उलट. सायकल असो की स्कूटर, आपला डावा हात म्हणजे मागचा ब्रेक, घाबरलं की निर्धास्त दाबायचा. तोच हात तिथल्या उतारावर दाबला की पुढचं चाक अडतं आणि माणूस हॅंडलवरून पुढे जातो.

आयोजकाला आधी कळवलं तर काही ठिकाणी ब्रेक अदलाबदल करून देतात. तसं झालं नाही तर:

१. उभ्या सायकलवर एकेक ब्रेक दाबून, सायकल पुढे ढकलून, कोणतं चाक अडतं ते स्वतः पाहा. कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका.
२. डाव्या मुठीवर रंगीत पट्टी चिकटवा.
३. मोकळ्या आवारात वीस मिनिटं फक्त थांबायचा सराव करा, हळू, मग वेगात, मग कोणीतरी अचानक ‘थांब’ ओरडल्यावर.

त्यानंतर टायरमधली हवा, गिअर, खोगिराची उंची, घंटी, दिवे पाहा. सायकलवर आधीचे ओरखडे असतील तर फोटो काढून ठेवा. टायरमध्ये पंक्चर बुजवणारं द्रव आहे का तेही विचारा. वाटेच्या कडेला आपल्या माळरानावरचे सराटे तिथेही उगवतात, आणि तितकेच टोचतात.

टप्पा ७: रस्त्यावरची शिस्त

वाहतूक उजवीकडून चालते. गर्दीत चूक होत नाही, समोरच्यामागे आपण आपोआप बरोबर जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, फोटो काढायला थांबून पुन्हा निघताना. म्हणून आमच्या गटात नियम आहे: निघताना पहिल्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं आणि मागच्या प्रत्येकाने तेच म्हणायचं. चौथ्या दिवशीही म्हणायचं. वर्तुळाकार चौकात वाहनं डावीकडून येतात, तिकडे आधी पाहा.

गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे. सायकलवर मोबाइल किंवा कानात इअरफोन चालत नाही, आणि दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. मोटारींनी सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, आणि बहुतेक चालक तो पाळतात. मागे गाडी संथपणे येत राहिली तर गोंधळून कडेच्या खडीत उतरू नका. तिला जागा मिळाली की ती जाईल. आपत्कालीन क्रमांक ११२.

विया वेर्देवर धोका वेगळा आहे. जिथे वाट मोटाररस्त्याला छेदते तिथे मध्येच खांब रोवलेले असतात. पुढच्याच्या चाकाला चिकटून येणाऱ्याला ते दिसत नाहीत. पुढच्याने ‘खांब’ असं ओरडायचं, मागच्याने अंतर ठेवायचं. बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढा, दिवा लावा, वेग कमी करा. गुआदाखोस नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलावर, म्हणजे जाएन आणि कोर्दोबा प्रांतांच्या सीमेवर, सगळेच थांबतात. थांबा, पण सायकल एका बाजूला घ्या.

सुएरोसचं एक सांगायचं राहिलं. नकाशात ते वाटेवर दिसतं, पण वाट खालून जाते आणि पांढरं गाव वर कड्यावर बसलेलं आहे. दिवसाच्या शेवटी हा छोटा पण खडा चढ उरतो. पाणी आणि ताकद त्यासाठी राखून ठेवा, किंवा उतरून ढकला. वर किल्ल्यापाशी पोचलात की खाली पसरलेल्या ऑलिव्हच्या ओळी पाहताना दमणूक आठवत नाही.

थांबा, तपासा: वाट चुकली असं वाटलं तर शोधत पुढे जाऊ नका. मार्गदर्शकाला शेवटचं जिथे पाहिलं तिथेच उभे राहा, तो मागे येतो.

टप्पा ८: पोटाचं वेळापत्रक

स्पॅनिश जेवणाच्या वेळा आपल्याला दगा देतात. दुपारचं जेवण दोन ते चार. मग लहान गावांत स्वयंपाकघरं आणि दुकानं बंद होतात, आणि रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी मिळत नाही. चार वाजता भुकेने मुक्कामी पोचणाऱ्याला बंद दारं दिसतात. रविवारी दुकानं बंदच असतात, फळं आणि दाणे शनिवारी घेऊन ठेवा.

शाकाहाऱ्यांनी ‘सोय वेखेतारियानो’ (बायकांनी ‘वेखेतारियाना’) म्हणून थांबू नये. पुढे जोडा: ‘नो कोमो कार्ने नी पेस्कादो’, मांस नाही आणि मासेही नाहीत. तरी सालमोरेखो या कोर्दोबाच्या टोमॅटोच्या थंड दाट सूपवर हॅम आणि अंडं भुरभुरलेलं येतं, त्याला ‘सिन खामोन’ (हॅमशिवाय) सांगायचं. साध्या मिश्र कोशिंबिरीतही टूना मासा असतो, त्याला ‘सिन आतून’ (टूनाशिवाय). ग्रानादात पेयासोबत फुकट येणारी ‘तापा’ची, म्हणजे तोंडी लावण्याच्या छोट्या पदार्थाची, बशी बहुधा मांसाची असते, ऑर्डर देतानाच सांगा. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे सकाळी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घातलेला टोस्ट, पालक-हरभरे, आणि तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी. हे शेवटचं खाताना मला दरवेळी गुऱ्हाळ आठवतं.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, पण वाटेवरच्या झऱ्यावर ‘नो पोताब्ले’ लिहिलेलं असेल तर पिऊ नका.

टप्पा ९: शहरांतले दिवस

अलहंब्राच्या दिवशी सायकल हॉटेलवर. आत पासपोर्ट मागतात, तोही एकाहून अधिक ठिकाणी, म्हणून मूळ पासपोर्ट अंगावर हवा. एकदा आमच्यातल्या एका काकांनी तो सुरक्षित राहावा म्हणून हॉटेलच्या तिजोरीत ठेवला आणि टॅक्सीने परत जाऊन आणेपर्यंत त्यांची वेळ टळली. मुख्य प्रवेशद्वारापासून नास्रिद राजवाड्यांपर्यंत बागांमधून पंधरा मिनिटं चालावं लागतं, तेव्हा छापलेल्या वेळेच्या तासभर आधी आवारात असा. मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत.

अल्बाइसिन या ग्रानादाच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्या गोट्यांच्या आणि खड्या आहेत. तिथे सायकल चालवायचा हट्ट नको, पायीच फिरा.

कोर्दोबात मशीद-कॅथेड्रलमध्ये पुरुषांनी टोपी काढायची, आणि रविवारी प्रार्थनेमुळे मधला काही वेळ पर्यटकांना प्रवेश थांबतो, त्यामुळे तो दिवस टाळा. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवरच्या मेदिना असाहाराला (जुन्या राजवाडा-नगरीच्या अवशेषांना) जायचं असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. आधी पायथ्याच्या संग्रहालयापाशी थांबायचं, तिथून बस वर नेते. ऊन फार असतं, सकाळची पहिली वेळ घ्या.

सायकल परत देताना पहिल्या दिवशीचे फोटो उघडून ठेवा, मार्गदर्शकासमोर एकदा ओरखडे जुळवा, आणि स्वतःचं खोगीर काढून घ्यायला विसरू नका.